सनीचा दहावा आणि हिरामणचे केस

आमच्या गावात दुकानं पुष्कळ आहेत. किराण्याचं आहे, खता-औषधांचं आहे, मोबाइलच्या काचा बदलून देणारं आहे. पण डोक्यावर घेऊन हिंडायचं दुकान एकच, ते हिरामणचं. मानेवर रुळणारे केस आणि डाव्या डोळ्याच्या वर एक सोनेरी बट. ही बट निसर्गाने दिलेली नाही. त्यासाठी दर पंधरवड्याला कळवणच्या सलूनमध्ये जाऊन बसावं लागतं, डोक्याला झणझणणारं औषध लावून घ्यावं लागतं, चांदीच्या कागदात केस बांधून भुतासारखं आरशासमोर थांबावं लागतं. उन्हाळ्यात घामाने ती बट हिरवट पडते. पावसाळ्यात तिला वास येतो. पण तिच्यावर हिरामणची आणि त्याच्या आईची, कुसाबाईची, चूल पेटते.

कारण ती बट मुळात सनी गिरणाकरची.

सनी गिरणाकर कोण, असं आमच्या भागात कोणी विचारलं तर लोक त्याला आधी बसायला देतात आणि बरं वाटत नाही का म्हणून चौकशी करतात. कळवण, सटाणा, देवळा, मालेगाव या पट्ट्यात सनीच्या गाण्याशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही. त्याने पहिलं गाणं मेव्हणीवर केलं. ते लोकांनी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिलं की खुद्द मेव्हण्या कंटाळल्या. दुसरं त्याने पिकअप गाडीवर केलं. तिसरं पुन्हा मेव्हणीवर. चौथ्या गाण्यात मेव्हणी पिकअपमध्ये बसली, आणि मग सनीला काही मागे वळून बघावं लागलं नाही. तो नाशिकला गेला, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, आणि आमच्या भागातल्या सामान्य माणसाला त्याची सुपारी परवडेनाशी झाली.

जे परवडत नाही त्याची दुसरी प्रत काढायची ही आपली जुनी रीत. त्या रीतीतून 'ज्युनियर सनी' निघाला. तो आमचा हिरामण.

हिरामणचा बाप बहिरू. पोरगं चौथीत असताना तो कामधंद्याला सुरतेला जातो म्हणून घरातून निघाला आणि परत आला नाही. कुसाबाईने कोणाकडे हात पसरला नाही. ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसली, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मुक्कामाने जाऊन आली, आणि कोणी विचारलं की म्हणायची, "सुरतेला हाय. येईल." काही वर्षांनी सुरतेला मोठा पूर आला. गावाने मनातल्या मनात बहिरूला त्या पुरात सोडून दिलं. पण कुसाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू रोज सकाळी ताजं दिसायचं, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमचं गाव तसं सभ्य आहे. जे बोलायचं ते माणूस घरी गेल्यावर बोलतं.

पोरगं दहावीला जाऊन परत आलं. मग डीजेच्या गाडीवर स्पीकरचे डबे चढवायला-उतरवायला लागलं. एका हळदीत माइकवरचा माणूस पिऊन आडवा झाला, वऱ्हाड ओरडायला लागलं, तेव्हा हिरामणने माइक उचलला आणि सनीचं मेव्हणीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. नुसतं म्हटलं नाही. सनी जिथे श्वास घेतो तिथेच श्वास घेतला, सनी जिथे बेसूर होतो तिथे तसाच बेसूर झाला. लोकांना आणखी काय पाहिजे? पुढच्या लग्नसराईपर्यंत त्याचे केस वाढले, बट सोनेरी झाली, काळा गॉगल आला.

खऱ्या सनीशी त्याची गाठ एकदाच पडली, सटाण्याच्या यात्रेत. सनीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हसला, म्हणाला, "माझ्यापेक्षा तूच बरा दिसतो रे." आणि हिरामणच्या डोळ्यांवरचा गॉगल काढून स्वतःच्या डोळ्यांवर लावून स्टेजवर गेला. गॉगल काही परत मिळाला नाही. पण हिरामणने ही गोष्ट गावात अशी सांगितली की जणू सनीनेच त्याला गॉगल दिला होता. भक्ताने एवढं तरी करावं.

तर असा हा सनी गिरणाकर, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, अडतिसाव्या वर्षी गेला. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडला होता, माणसं लग्नांना मोकळी झाली होती, गावोगावच्या मांडवांना झालरी लागत होत्या. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. बातमी कप खाली ठेवायच्या आत आमच्या गावात पोचली.

आधी पोरांचा विश्वास बसला नाही. मयूर नावाचा एक पोरगा आहे, तो म्हणाला, "हे नवीन गाण्याचं प्रमोशन असंल." त्यामुळे पोरं दुपारपर्यंत नवीन गाण्याची वाट बघत बसली. गाणं आलं नाही तेव्हा रडायला सुरुवात झाली. पारावर रडणं झालं, शाळेमागे झालं, मग मोबाइलवर लाइव्ह रडणं सुरू झालं. एक जण हुंदका देता देता थांबला, रेंज गेलीय का बघितलं आणि रेंज आल्यावर राहिलेला हुंदका पूर्ण केला. जो तो आपला आणि सनीचा फोटो शोधत होता. ज्याच्याकडे नव्हता त्याने हिरामणसोबतचा लावला आणि हिरामणचं तोंड जरा अंधूक करून घेतलं.

'सनीभाऊ गिरणाकर मित्रमंडळ' आमच्या गावात आहेच. त्याचा अध्यक्ष दीपक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून तो दोन वर्षं दिसेल त्याला खांदा देत होता. असली संधी तो सोडतो का? एका पिकअपमध्ये जेवढी पोरं उभी राहतील तेवढी घेऊन तो नाशिकला अंत्यदर्शनाला गेला. अमरधामला गर्दी इतकी की यांना चितेचा धूरही नीट दिसला नाही. मग परतताना भूक लागली. दुःखात मिसळ चालते का, यावर रस्त्यात बरीच चर्चा झाली. खावी, पण तर्री कमी घ्यावी, असं ठरलं.

गावात आल्यावर दीपकने पारावर सभा घेतली.

"घरचे लोक रामकुंडावर दहावा करतील, तो त्यांचा त्यांनी करावा. पण सनीभाऊ काय फक्त घरच्यांचा होता का? आपण त्याचे भाऊ. रक्ताचे नसू, हळदीचे आहोत. आपण आपल्या गिरणेवर दहावा करायचा. असा करायचा की नाशिकवाल्यांनी बघत राहावं!"

टाळ्या पडल्या. दहाव्याच्या सभेला टाळ्या वाजवू नयेत हे कोणाला सुचलं नाही, कारण मोबाइल चालू होता. तोवर गावात सनीचं गाणं वाजणार नाही, असंही ठरलं. हिरामण मागे उभा होता.

"मग म्या काय करू?" तो म्हणाला. "परवा देवळ्याला कार्यक्रम हाय माझा."

"रद्द कर. भावना बघ ना भो जरा."

"भावना भाकरीसंगं खाऊ का कालवणासंगं?"

पोरं हसली. पण हिरामणने देवळ्याचा कार्यक्रम रद्द केला, हेही खरं. घरी जाऊन तो गोठ्यापाशी बसला आणि कानाला मोबाइल लावून सनीची जुनी गाणी ऐकत राहिला. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कुसाबाईने भाकरी आणून ठेवली, ती तशीच वाळली. तिने विचारलं, "तुझा कोण लागत व्हता रे तो?"

"कोणी नाय," हिरामण म्हणाला. "पण माय, आता म्या कोणाचा ज्युनियर?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या भागातल्या लग्नघरांनी दोनच दिवसांत देऊन टाकलं. ज्यांनी खऱ्या सनीला सुपारी देऊन ठेवली होती ती सगळी घरं हिरामणला फोन करू लागली. कळवण, सटाणा, नामपूर, थेट मालेगावहूनसुद्धा फोन. हिरामणच्या आयुष्यात असा हंगाम आला नव्हता. सगळ्यांत आधीची हळद गावातलीच होती, शेजारच्या वत्सलाबाईच्या नातीची, निकिताची, दहाव्यानंतरच्या बुधवारी. वत्सलाबाईने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "हिरामण, आवाज नसला तरी चालंल बाबा, पण ती पिवळी बट पाहिजे. पोरीनं मैत्रिणींना सांगून ठेवलंय." कुसाबाईने या हंगामावर घराच्या पत्र्याऐवजी स्लॅब मनात टाकूनही घेतला. म्हणजे त्या दिवसांत हिरामणचे केस त्याच्या एकट्याचे राहिले नव्हते. त्यांच्यावर एक घर उभं राहायचं होतं.

दहाव्याचा दिवस आला. चैत्रातली गिरणा, मधोमध पाण्याची एक बारीक रेघ आणि दोन्ही बाजूंना तापलेले गोटे. काठावरच्या करंजांच्या सावलीत मंडळाने मांडव टाकला होता. असा दहावा आमच्या गावाने पाहिला नव्हता. वीस फुटी फ्लेक्सवर सनीचा हसरा फोटो, आणि त्याच्या चारी बाजूंनी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, तेही हसरेच. अध्यक्षांचा फोटो सनीपेक्षा जरा मोठा, कारण निवडणूक जवळ होती. श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी माइक. लाइव्ह दाखवायला उंच काठीवर मोबाइल. बायका एका बाजूला वांगी चिरत बसल्या होत्या, चुलाणावर बुंदी पडत होती. शेजारच्या गावाहून गुरुजी बोलावले होते. सहादू न्हावी आपली पेटी घेऊन करंजाच्या बुंध्याशी वस्तरा पाजळत बसला होता.

गुरुजींनी पिंड मांडले, पळीपंचपात्र काढलं आणि विचारलं, "कर्ता कोण?"

"अध्यक्ष मी," दीपक पुढे झाला. "हे कार्याध्यक्ष सोमनाथ."

"अध्यक्ष नाही विचारला. कर्ता. केस कोण देणार? पिंड कोण देणार? भाऊ म्हणालात ना सगळे?"

मांडवात अशी शांतता झाली की चुलाणावरची बुंदी ऐकू यायला लागली. मंडळाने मांडव आणला होता, माइक आणला होता, गुरुजी आणि न्हावी आणले होते. डोकं आणायचं राहून गेलं होतं. आणि तिथे बसलेल्या प्रत्येक पोराच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर, एक सोनेरी बट होती.

पहिला मयूर उठला. डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, म्या दिले असते. सनीभाऊसाठी मुंडकंसुद्धा दिलं असतं. पण माझा बाप जिता हाय ना."

"मग तुला चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याचे वडील हयात आहेत त्याने मुंडण करायचं नसतं."

हे वाक्य मांडवात पडलं आणि काय सांगू, आमच्या गावात पितृभक्तीचा जो पूर आला तसा मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ज्या पोरांनी वर्ष-वर्ष बापाला तू जेवला का म्हणून विचारलं नव्हतं, ती एका दमात म्हणायला लागली, "माझा बी बाप हाय! माझा बी हाय!" सहादू न्हावी म्हातारा आणि खवचट. तो म्हणाला, "नुसतं म्हणून चालत नाय पोरांनो. दाखवा."

मग मोटारसायकली सुटल्या. कोणाचा बाप मळ्यातून आणला, कोणाचा चाळीवरून, कोणाचा पत्त्यांच्या डावावरून. मांडवाच्या पुढे सतरंजीवर बापांची रांगच बसली. कोणाच्या हातात खुरपं, कोणाच्या हातात तसेच पत्ते. मयूरचा बाप पाण्याची मोटार बिघडवल्यावरून पोराशी सहा महिने बोलत नव्हता. तो गोंधळून म्हणाला, "काय रे, माझं काय काम निघालं?"

"आबा, काही करू नका. नुसते दिसा."

"दिसू?"

"हां. बसल्या जागी जिते दिसा."

म्हातारा ताठ बसला. त्याला वाटलं मानधनाची काही योजना आली असावी.

आता ज्यांचे बाप नव्हते ते उरले. सोमनाथचा बाप गेलेला. पण त्याची बायको पोटुशी. गुरुजींनी मान हलवली, बायको गरोदर असताना नवऱ्याने केस काढू नयेत, हेही शास्त्र. सोमनाथ असा सुटकेने बसला की जणू तोच बाळंत झाला. गावात वयस्कर माणसं होती, पण त्यांना सनी आवडत नव्हता आणि बहुतेकांच्या डोक्यावर देण्याजोगं काही नव्हतं. उरला दीपक. त्याचा बाप जाऊन पाच वर्षं झाली होती.

सगळ्यांनी दीपककडे पाहिलं. दीपकने फ्लेक्सकडे पाहिलं.

"माझी काही हरकत नव्हती," तो म्हणाला. "पण निवडणुकीची सगळी छपाई झालीय. फोटोत केस हायत. उद्या म्या बिनकेसांचा दारात गेलो तर मतदाराची फसवणूक व्हईल. लोकशाहीचा प्रश्न हाय."

"लोकशाही म्हनल्यावर वस्तरा काय करनार?" सहादू म्हणाला.

आणि मग दीपकची नजर फिरत फिरत मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी गेली. तिथे हिरामण डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा होता.

"अरे, आपण कोणाला शोधून राहिलो!" दीपक माइकमध्येच बोलला. "सनीभाऊचा खरा वारस तर हा! त्याचाच आवाज, त्याचेच केस. त्याच्या जिवावर इतकी वर्षं खाल्लं यानं. हिरामण, ये पुढं. हा मान तुझा."

"माझी बुधवारी हळद हाय," हिरामण म्हणाला.

"केस येतील की परत."

"बुधवारपर्यंत?"

"हंगामाचं काय घेऊन बसला? ज्याच्या नावावर खाल्लं त्याला केस देत नाय? सांगू का लाइव्हवर? सगळी गावं ऐकतायत. तुला एक घर बोलावणार नाय बघ मग."

पोरं उठली. तीच पोरं, ज्यांचे बाप सतरंजीवर जिते दिसत बसले होते. त्यांनी हिरामणला धरून, पाठीवर थापा मारत, भाऊ-भाऊ करत सहादूसमोर आणून बसवला. केस दिले तर हंगाम गेला, नाही दिले तरी गेला. हिरामणने टॉवेल सोडला. बट उन्हात चमकली. त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याची नजर त्या बापांच्या रांगेवर जाऊन थांबली.

गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचे वडील?"

आईला विचारलं की सुरत, गावाला विचारलं की पूर. या दोन उत्तरांच्या मधे हिरामण लहानाचा मोठा झाला होता.

"त्याचे वडील गेले ना," दीपक म्हणाला. "सुरतेच्या पुरात. सगळ्या गावाला माहितीय."

पाठीमागे बोलायची गोष्ट आमच्या गावात पहिल्यांदा माइकवर बोलली गेली. बायकांमधली वांगी चिरायची थांबली.

"हिरामण, खरं काय?" गुरुजींनी विचारलं.

"मला माहीत नाय," हिरामण म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता. जिते म्हणावं तर लोक पत्ता विचारणार. गेले म्हणावं तर माय तिथे बसलेली, कपाळावर कुंकू लावून.

"माहीत नाय म्हणजे गेले," दीपकने निकाल दिला. "इतकी वर्षं तपास नाय म्हटल्यावर सरकारसुद्धा मेला म्हणतं. सहादूबाबा, करा सुरू."

सहादूने ओंजळभर पाणी हिरामणच्या डोक्यावर टाकलं. बट कपाळाला चिकटली. त्याने वस्तरा उघडला.

"ए सहादू! हात उचल!"

कुसाबाई उठली होती. हातात अर्धं चिरलेलं वांगं तसंच. ती रागावली की माहेरच्या अहिराणीवर जाते. ती सरळ पुरुषांच्या मांडवात घुसली आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मना पोऱ्याना बाप जित्ता शे!"

"काकू, आम्हाला बी वाटतं जिता असावा," दीपक गोड आवाजात म्हणाला. "पण हाय कुठं?"

"मालेगावले."

"सुरतेला ना?"

"सुरत तुमच्यासाठी. मालेगावला हाय. कॅम्प भागात रसाचं गुऱ्हाळ लावतो. दुसरी बायको हाय, पोरं हायत. म्या माझ्या डोळ्यांनी बघून आले. रस पिऊन आले त्याच्या हातचा. पैसे नाय घेतले त्यानं माझ्याकडून. आणखी काय पाहिजे तुम्हाला, त्याचं आधारकार्ड?"

कोणी काही बोललं नाही. वर काठीवर मोबाइल चालूच होता, आणि बघणाऱ्यांचा आकडा भराभर वाढत होता. सनीसाठी नव्हते आले तेवढे लोक कुसाबाईसाठी आले.

"दाखवायचा म्हंता ना बाप?" ती त्या रांगेकडे बघून म्हणाली. "तुमचे तर सतरंजीवर हायत. माझ्या पोराचा आणायचा तर मालेगावला गाडी पाठवा. येतो का विचारा. नाय आला तर त्याच्या बायकोला विचारा, जिता हाय का मेला."

सहादूने वस्तरा मिटला. "जित्या बापाच्या पोराचं डोकं म्या करत नसतो," तो म्हणाला आणि धोतराला हात पुसले.

मग गुरुजींनी तोडगा काढला. शास्त्रात असतोच, नसला तर काढता येतो. मंडळातल्या प्रत्येकाने बटेचं एक टोक, नखभर, द्यावं. सगळ्यांचं मिळून एक मुंडण धरू. पोरांना हे इतकं पसंत पडलं की लगेच रांग लागली. नखभर केस देतानाचे व्हिडिओ झाले, त्यावर रडकं संगीत चढलं. पिंडांना सगळ्यांनी मिळून हात लावला. कावळा ताबडतोब शिवला. आमच्या नदीवरचे कावळे उन्हाळ्यात उपाशी असतात, त्यांना कोणी केस दिले आणि कोणी नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. दीपकने भाषणात सांगितलं, सनीभाऊने आपलं प्रेम स्वीकारलं.

कुसाबाई आणि हिरामण जेवायला थांबले नाहीत. नदीकडून गावात येणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंना कांद्याची वाळलेली पात पडलेली असते, पायाखाली कुरकुरते. ती तुडवत चालता चालता हिरामणने विचारलं,

"तुला कवापासून माहीत?"

"तू डीजेवर जायला लागला तवा. साड्यांच्या बाजाराला गेले व्हते वत्सलासंगं. तिला नाय दिसला. मला दिसला."

"मला का नाय सांगितलं?"

"तू बघायला गेला असता."

"मग?"

"मग काय? बघायला तोबी गेला व्हता. सुरत."

हिरामण चालत राहिला. ओले केस वाळून आता पुन्हा मानेवर उडत होते.

"काय बोलला तो?"

"पोरगा कसा हाय म्हणला. म्या म्हणलं गातो."

"मग?"

"म्हणला, आणखी अर्धा ग्लास घे."

थोड्या वेळाने हिरामणने विचारलं, "गोड व्हता का रस?"

"आलं लय घातलेलं व्हतं," कुसाबाई म्हणाली. "त्याला काही प्रमाण ठाऊक नाय."

बुधवारी वत्सलाबाईच्या दारात निकिताची हळद झाली. ज्यांनी दहाव्याला गळे काढले होते ती सगळी पोरं हजर होती. फक्त प्रत्येकाची बट नखभर आखूड झाली होती. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी दीपकने एक मिनिट शांतता पाळायला लावली. तिचं अर्धं मिनिट झालं, मग कोणीतरी म्हणालं, डीजेवाल्याला वेळ नाही. हिरामणने माइक हातात घेतला आणि मेव्हणी पिकअपमध्ये बसली. दीपक सगळ्यांच्या पुढे नाचत होता. नाचता नाचता तो रडलासुद्धा, आणि ते त्याने तोंड वर करून कॅमेऱ्याला दाखवलं.

हिरामण नेहमीसारखाच गायला. फक्त सनी जिथे श्वास घेतो तिथे त्याने एकदा घेतला नाही, सरळ पुढे गेला. नाचणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला आधी ऐकावं लागतं.

बायका अंगणाच्या कडेला बसल्या होत्या. दहाव्यापासून गावात एकच विषय चालला होता, आणि आता तो कुसाबाईच्या पाठीमागे बोलण्याची गरज उरली नव्हती. वत्सलाबाईने हळदीचं ताट तिच्यापुढे केलं, मग सवाष्णींचा कुंकवाचा करंडक पुढे केला, आणि हात जरा मागे घेतला.

"कुसा, राग नको मानू," ती म्हणाली. "पण त्याचा असला संसार चाललाय तिकडं. तू कशाला लावती गं अजून त्याच्या नावाचं?"

कुसाबाईने करंडकात बोट बुडवलं आणि कपाळावर, आधीच्याच कुंकवावर, आणखी एक ठसठशीत टिकली काढली.

"त्याच्या नावाचं कोण लावतंय?" ती म्हणाली. "पोराचा हंगाम चालू हाय. त्याचा बाप जिता दिसला पाहिजे."